मामांनी हात घातलेलं चाक

आमच्या गल्लीत मामांना मामा न म्हणणारं माणूस एकच, त्यांची सख्खी बहीण. ती दादा म्हणते. बाकी सगळे, वयानं त्यांच्यापेक्षा मोठा असलेला मी धरून, मामाच म्हणतात. हे नाव त्यांच्या भाचीनं आणलं. बाप गेल्यावर ती आईचं बोट धरून बेकरीच्या दारात आली, काउंटरच्या काचेला नाक लावून "मामा, तो पाव" म्हणाली, आणि रांगेतल्या लोकांनी ते नाव जे उचललं ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. त्याच न्यायानं बहीण सगळ्यांची मावशी झाली. एकाच घरात मामा आणि मावशी, म्हणजे गल्लीचं आजोळच म्हणा. मामांचं खरं नाव आता बहुधा फक्त त्यांच्या वीजबिलाला माहीत असेल.

मामा उंच, किंचित पोक आलेले, आणि भुवया कायम पिठानं पांढऱ्या. त्या पिठानं पांढऱ्या आहेत की वयानं, हे आंघोळीनंतर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बोलणं मोजकं. लग्न का झालं नाही याबद्दल गल्लीत बरीच मतं आहेत. त्यातली निम्मी माझीच असल्यामुळे इथे देत नाही.

घराची रचना सांगतो, म्हणजे पुढचं नीट दिसेल. रस्त्यावर काउंटर, तिथे मावशी. काउंटरमागे भिंत, भिंतीला एक चौकोनी झरोका, त्यातून गरम पावांचे ट्रे पुढे सरकतात. भिंतीमागे भट्टी, पीठ मळायचं लाकडी मेज आणि मामा. त्यामागे फरसबंद अंगण, पिठाची रिकामी पिंपं, कपडे वाळत घालायची तार. आणि त्या अंगणात उघडते माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. घर घेताना मी खोल्या पाहिल्याच नाहीत, फक्त ती खिडकी पाहिली, असं माझी बायको म्हणते. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही.

आता या घराचा कायदा. ज्यानं कामात हात घातला, त्यानंच ते काम पुरं करायचं. दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. मळणारा एक आणि भाजणारा दुसरा असं या भट्टीत कधी झालं नाही. दिवाणखान्यातला पंखा उतरवला मामांनी, तर चढवणारही मामाच. मावशीनं पडद्याला टाका घातला, तर मामा कापड ताणून धरायलाही पुढे होणार नाहीत. भाची शाळेत असताना तिच्या चित्रातलं आभाळ संपेना, तेव्हा मावशीनं जरा रंग भरून दिला, म्हणून मामांनी अख्खं चित्र नव्यानं काढायला लावलं होतं.

हा कायदा आला कुठून? तर मिठातून. मामांचे वडील आणि काका मिळून ही भट्टी चालवायचे. दोघेही तोंडाला कुलूप लावल्यासारखे. एकदा थोरल्यानं पिठात मीठ घातलं आणि तो लाकडं आणायला गेला. धाकटा आला, त्यानंही घातलं. त्या दिवशीचा पाव गल्लीतल्या कुत्र्यांनी हुंगून सोडला. दुसऱ्या दिवशी दोघांनाही वाटलं, घातलं असेल त्यानं. त्या दिवशीचा पाव कापसासारखा, गिळला तरी कळेना. मग दोघांमध्ये जे जुंपलं ते वाटणीवर गेलं. काका गाव सोडून गेले आणि वडिलांनी मेजासमोर उभं राहून पोराला सांगितलं, एक परात, एक हात. पोरानं ते असं धरून ठेवलं की अजून सोडलेलं नाही.

यात भरडली गेली ती मावशी. लहानपणी तिनं पिठाला हात लावला की वडील हाकलायचे, पुढे ती माहेरी परतल्यावर भावानं हाकलायची पाळी घेतली. मग ती काउंटरवर जाऊन बसली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. घरातल्या चुलीवर, घरच्यापुरता पाव मात्र ती स्वतः करते. माझी बायको आजारी होती तेव्हा त्यातला एक आमच्याकडे आला होता. तो कसा होता ते मी मामांसमोर कधी बोललो नाही. ज्यांनी ज्यांनी तो खाल्लाय ते सगळे या बाबतीत असेच गप्प असतात. गल्लीतलं हे एकच गुपित मी पाळलेलं आहे, यावरून काय ते समजा.

अलीकडे मामांच्या उजव्या हाताची पकड गेली होती. अंगठा धरेना. ते कुणाला सांगायचे नाहीत, पण पाव सांगायचे. एका बाजूनं फुगलेले, दुसऱ्या बाजूनं बसलेले. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, ज्याची जीभ त्याच्या सुईपेक्षा टोकदार आहे, एक दिवस पाव वर धरून म्हणाला, "मामा, हा वळणावर घसरलाय वाटतं."

रांग हसली. मी जरा जास्तच हसलो असेन.

मामा झरोक्यातून वाकले. "हात चालतात माझे अजून."

"चालतात हो. पण किती दिवस?"

"ज्या दिवशी हातातलं काम अर्धं टाकीन ना, त्या दिवशी भट्टीचं फावडं हिच्या हातात देईन आणि काउंटरवर येऊन बसेन." हिच्या म्हणजे मावशीच्या. फावडं म्हणजे ते लांब दांड्याचं लाकडी, ज्यानं भट्टीतून पाव काढतात. या घरात ते फावडं म्हणजे राजदंड.

मावशी त्या वेळी कागदी पिशवी उघडत होती. ती उघडायची थांबली, मग पुन्हा उघडू लागली. बस, एवढंच. पण मी पाहिलं. संध्याकाळपर्यंत मामांचा हा शब्द गल्लीभर कसा झाला ते मला विचारू नका.

आता भाचीकडे येतो. ती पाण्याच्या खात्यात आहे. डोंगरातल्या टाक्या आणि त्यांच्यापासून उतरणारी पाइपलाइन तपासणं हे तिचं काम. वाट म्हणजे दगड, माती, ओढे. त्यासाठी तिच्याकडे डर्ट बाइक आहे, उंच, हडकुळी, पाय दुमडून बसल्यासारखी. गल्लीत तिला नाकतोडा म्हणतात. नाकतोड्याच्या मागच्या टायरची नक्षी घासून गुळगुळीत झाली होती आणि ओल्या दगडावर तो पाय फाकायला लागला होता. भाचीनं नवा टायर आणला, एका रविवारी सकाळी अंगणात चाक काढलं आणि स्वतःच टायर बदलायला बसली. तिला ते येतं. मी खिडकीत चहा घेऊन बसलो. मला काहीच येत नाही, त्यामुळे मी चांगला प्रेक्षक आहे.

तिनं हवा सोडली. रिमच्या आत टायरला घट्ट धरून ठेवणारा एक चिमटा असतो, त्याचा नट सैल केला. टायरवर उभी राहून नाचल्यासारखी फिरली, तेव्हा टायरची कड रिमपासून सुटली. मग साबणाचं पाणी लावून दोन टॉम्या घातल्या. टॉमी म्हणजे टायर उचकटायची चपटी सळई. जुना टायर निघाला. मामा दारात उभे राहून बघत होते. नवा टायर चढवायला घेतला तेव्हा तिची टॉमी सटकली आणि बोटांवर बसली. ती बोटं तोंडात घालून उभी राहिली.

"दे इकडे," मामा म्हणाले आणि टॉमी घेतली.

"मामा, नको. मी करते."

"तरुणपणी मोटरसायकलवर पाव पोचवायचो मी. टायर मीच बदलायचो."

"तो टायर वेगळा. हा जाड आहे, कडक आहे. एकानं समोरून गुडघा टेकून कड आत दाबून धरावी लागते."

"हात घातलाय मी आता."

झालं. भाचीनं आईकडे पाहिलं, आईनं आभाळाकडे. चाक भाचीचं, टायर भाचीचा, सुरुवातही भाचीची, म्हणजे कायदा आधी मामांनीच मोडला, पण हे त्यांना सांगणार कोण? काम मामांचं झालं.

"निदान टायर उन्हात ठेव," भाची म्हणाली. "गरम झाला की नरम पडतो."

"ऊन कशाला? आपल्याकडे भट्टी आहे."

ही चूक करायला माणूस बेकरीवालाच लागतो. रविवारी भट्टी बंद, पण ऊब धरून असते. मामांनी टायर भट्टीच्या माथ्यावर नेऊन ठेवला, जिथे ते एरवी पीठ फुगायला ठेवतात, आणि वर ओलं फडकंसुद्धा घातलं. सवय हो. टायर फुगला नाही, पण नरम पडला हे खरं. दुपारी त्यांनी तो अंगणात आणला, एका लाकडी खोक्यावर चाक आडवं ठेवलं आणि टायरची एक कड झकास चढवली. ट्यूबला पावडर लावून ती आत सरकवली. पावडरऐवजी मैदा वापरला, पण ते सोडा. दुसरी कड मात्र अर्ध्यावर येऊन अडली.

सोमवारच्या पावाला रबराचा वास होता.

सगळ्या गल्लीनं तो पाव खाल्ला आणि सगळ्या गल्लीनं त्यावर तोंडसुख घेतलं. पंक्चरवाला म्हणाला, "मामा, याला चहात बुडवायचं की हवा भरायची?" मी म्हणालो की लोणी लावल्यावर नव्या बुटाचा भास होतो. मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलून निघालो. मामा झरोक्याशी आलेच नाहीत. त्यांना पावाबद्दलचं बोलणं लागलं नव्हतं. अंगणात ते चाक अर्ध्यावर पडलं होतं, हे त्यांना लागलं होतं.

आता जरा त्या अडण्याबद्दल सांगतो. मला हे नंतर भाचीनं समजावलं, आणि समजावताना तिच्या लक्षात आलं नाही की ती आपल्या घराबद्दलच बोलतेय. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. तुम्ही इकडची कड टॉमीनं चढवत असता तेव्हा तिकडची, समोरची कड त्या खोलगटात उतरलेली पाहिजे. ती उतरली की इकडे आपोआप ढील मिळते आणि टायर मऊपणे बसतो. समोरची कड वर राहिली, तर भीम आला तरी टायर ढिम्म. बळाचा प्रश्नच नसतो. म्हणून समोरून कुणीतरी दाबून धरायचं. एकटा माणूस स्वतःचे गुडघे टेकून भागवतो, पण मामांचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. आणि दुसऱ्याला बोलवायचं, तर कायदा आडवा.

तो सगळा आठवडा असाच गेला. मामा भट्टीचं काम उरकून अंगणात यायचे, स्टुलावर बसायचे, साबणाचं पाणी लावायचे, टॉमी घालायचे. कड थोडी वर यायची, अंगठा सुटायचा, कड परत खाली. एकदा टॉमी उडाली ती थेट पिंपावर आदळली. केवढा आवाज. मामांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि मग चहूकडे, कुणी बघतंय का म्हणून. मी पडद्यामागे गेलो. दुसऱ्याची अब्रू सांभाळायची म्हणजे आपल्याला थोडं आडोशाला उभं राहावं लागतं. पुन्हा पाहिलं तेव्हा ते डाव्या हातानं उजवा अंगठा चोळत बसले होते. एखाद्या रुसलेल्या नातवाची समजूत काढावी तसे.

पंक्चरवाला रोज विचारायचा, "मामा, झालं का?"

"होतंय."

"टाकलं तर नाही ना अर्ध्यावर?"

"टाकलेलं दिसतंय का तुला?"

"दिसत काही नाही. ऐकू येतं अधूनमधून."

भाची डोंगर पायी चढत होती. संध्याकाळी बुटांना लाल माती घेऊन यायची, पायरीवर बसून मोजे काढायची आणि टाचेकडे बघत राहायची. मामा ते बघायचे आणि आत जायचे. शुक्रवारी तिचा संयम सुटला.

"मामा, उद्या सुट्टी आहे मला. मी करते. चहा गार व्हायच्या आत होईल."

"माझं काम आहे ते."

"चाक माझं आहे."

"चाक तुझं, काम माझं."

"आजोबांच्या परातीतल्या मिठापायी मी आठवडाभर डोंगर पायी चढतेय. त्यांना मी पाहिलंही नाही." ती हे ओरडून नाही बोलली. मोजा झटकत बोलली.  मामांच्या पिठाळ भुवया खाली आल्या.

आणि मावशी? खरी मौज तिची होती, म्हणजे मला तसं वाटत होतं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं काउंटरवर बसून राहायचं. आठवडा पुरा होऊन रविवार उजाडला असता, चाक तसंच पडलेलं असतं, पंक्चरवाल्यानं चारचौघांत विचारलं असतं, आणि दिलेला शब्द फिरवणारे मामा नव्हेत. ज्या फावड्याकडे ती जन्मभर झरोक्यातून बघत आली ते आपल्या पायांनी चालत तिच्याकडे आलं असतं. मी तिला डिवचलं. पाव घेता घेता म्हणालो, "मावशी, फावडं घासूनपुसून ठेवलंत का?"

"तुमचा पाव घ्या आणि वाट मोकळी करा."

"नाही, म्हटलं, दिवस जवळ आलाय."

तिनं पिशवीचं तोंड दुमडलं, पुन्हा दुमडलं. "पडलेलं उचलून घ्यायची सवय नाही मला," म्हणाली आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय?"

शनिवारी दुपारी मामा पुन्हा चाकाशी बसले. मी खिडकीत होतोच. त्या दिवशी मला मौज वाटत नव्हती, हे खरं सांगतो. माणूस हरताना बघायची हौस सगळ्यांना असते, पण रोज रोज तोच माणूस हरायला लागला की बघणाराही दमतो. मामांनी टॉमी घातली. कड वर आली, थरथरली. अंगठा सुटला.

तेवढ्यात मावशी आतून मटाराच्या शेंगांचं भांडं घेऊन आली. तिनं अंगणभर नजर फिरवली. बसायला पायरी होती, पालथं पिंप होतं. ती सरळ चाकापाशी गेली आणि मामांच्या अगदी समोर, टायरच्या पलीकडच्या बाजूवर बसली. मावशी अंगानं भरलेली आहे, हे तिला कळू न देता लिहितोय. बसली ती व्यवस्थित बसली. मांडीवर भांडं घेतलं आणि शेंगा सोलायला लागली.

"ऊठ तिथून," मामा म्हणाले.

"का? बसल्यानं टायर झिजतो का?"

"काम चाललंय."

"चालू दे की. मी मटार सोलतेय."

"पिंपावर बस."

"पिंप तापलंय. तुझं तू कर रे दादा, मला बोलत बसवू नकोस. आळ्या निघतायत यात."

मामांनी टॉमी बाजूला ठेवली. मग थोड्या वेळानं पुन्हा उचलली. नुसती उचलायची म्हणून उचलल्यासारखी कडेखाली घातली आणि दाबली. कड चढली. आठवडाभर जी हट्टी घोड्यासारखी अडली होती, ती निमूट रिमवर येऊन बसली. मामांनी टॉमी पुढे सरकवली. पुन्हा दाबली. पुन्हा चढली. अंगठा लागलाच नाही, तळहातानंच भागलं.

ते थांबले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती शेंगेतले दाणे बोटानं भांड्यात ढकलत होती, जणू आयुष्यात याहून महत्त्वाचं काही केलंच नव्हतं. इथे मामा काय करतात याच्यावर सगळं होतं. त्यांना कळलं होतं, ती कशी आणि का बसलीय ते. "ऊठ" म्हणाले असते, तर ती उठली असती. कायदा राहिला असता आणि चाकही तसंच राहिलं असतं.

मामा म्हणाले, "जरा डावीकडे सरक."

मी इतकी वर्षं त्या अंगणात बघतोय. मामांनी आपल्या कामात दुसऱ्याला काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मावशी सरकली. "इथे?"

"अजून थोडी. हां. तिथेच राहा."

 मग ती सोलत होती, मामा चढवत होते. शेवटची बोटभर कड राहिली, तेव्हा मावशीनं भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात टायरवर ठेवून भार दिला. हात ठेवले. सरळ, उघड, टायरवर. मामांनी ते पाहिलं. शेवटची कड आत गेली.

भाची पंप घेऊन दारातच उभी होती, किती वेळ कोण जाणे. "आता मी हात लावू?" तिनं विचारलं.

"चाक तुझंच आहे," मामा म्हणाले.

तिनं हवा भरली. टायरची कड रिमला जाऊन बसते तेव्हा ठक्क असा आवाज होतो. तो झाला. भाचीनं चिमट्याचा नट आवळला आणि चाक नाकतोड्याला लावून टाकलं. पण अजून एक धाकधूक होती. टॉमीच्या तोंडात कुठे ट्यूब चिमटली असेल, तर रात्रीत हवा जाणार आणि सगळं मुसळ केरात. त्या संध्याकाळी मामा बऱ्याचदा अंगणात येऊन टायर दाबून गेले. मावशीही एकदा आली. तिनं आधी कुणी बघत नाही ना ते पाहिलं. मी पडद्यामागेच होतो.

रविवारी सकाळी टायर दगडासारखा कडक होता. भाचीनं नाकतोडा बाहेर काढला आणि गल्लीतून असा काही पळवला की पंक्चरवाल्याचा चहा सांडला. त्यानं मागच्या चाकाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि कपबशी खाली ठेवली.

"राहिली म्हणायची भट्टी तुमच्याकडे," तो म्हणाला. "शब्द पाळलात, मामा."

 मामा पायरीवर उभे राहून चपलांच्या टाचा घासत होते. मावशी आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. मामा जिंकले, मावशी होती तिथेच, आणि मी घरी जाऊन बायकोला तसंच सांगितलं. माणसांबद्दलचे माझे अंदाज किती चुकतात, हे माझी बायको कुणालाही सांगेल.

सोमवारी सकाळी मी रांगेत गेलो तर काउंटरवर मामा.

रांगेतला प्रत्येक माणूस आधी पुढच्या माणसाला आणि मग मागच्या माणसाला बघत होता. मामांना पिशवी उघडता येत नव्हती. ती त्यांच्या अंगठ्याला सापडत नव्हती. मग त्यांनी फुंकर मारून ती उघडायची युक्ती शोधली आणि स्वतःवरच खूश झाले.

"मावशी कुठेत?" मी विचारलं.

"आत."

"बरं नाही का?"

"बरं आहे. आत आहे."

मी झरोक्यातून वाकून पाहिलं. एवढं वाकायची काही गरज नव्हती, पण वाकलो. मेजावर पिठाचा मोठा गोळा होता, अर्धा मळलेला. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं अजून खडबडीत, मधोमध मामांच्या मुठीचा खळगा तसाच. मामांनी तो मळायला घेतला होता आणि टाकला होता. अर्ध्यावर. कुणी भाग पाडलेलं नसताना, शब्दात अडकलेले नसताना, सगळ्या गल्लीदेखत जिंकल्यावर. आणि त्या गोळ्यासमोर मावशी उभी होती, बाह्या वर केलेल्या, हात पिठापासून वीतभर वर थांबलेले.

मामा झरोक्याकडे वळले. हातातली पिशवी तशीच.

"मीठ घातलंय," म्हणाले.

"माहीत आहे," आतून आवाज आला. "चाखलं मघाशीच."

आणि तिनं हात पिठात घातले.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. काहीच नाही. दोन शब्द आहेत. पण ते दोन शब्द मामांच्या वडिलांना आपल्या भावाला सांगता आले नाहीत, भावाला विचारता आले नाहीत, आणि त्यापायी एक भट्टी फुटली, एक भाऊ परमुलखात गेला आणि एक मुलगी म्हातारी होईपर्यंत काउंटरवर बसली. मी हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्ही एवढं बोलता, पण चहात साखर घातली की नाही हे मला कधी सांगितलंय? तेव्हापासून मी या गोष्टीवर फारसं भाष्य करत नाही.

त्या दिवशीचा पाव उशिरा आला. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती, पण कुणी हललं नाही. पंक्चरवाला दुकान उघडं टाकून उभा होता. मामा हिशेबात तीनदा चुकले, सुटे पैसे सगळ्यांना जास्तच देत सुटले, आणि लोक ते परत करत राहिले. मधेच भाची नाकतोड्यावरून डोंगराकडे निघाली. काउंटरवर मामांना पाहून तिनं गाडी थांबवली. मागच्या चाकावर हलकेच थोपटलं आणि गेली.

आतून मावशीचा आवाज आला. "दादा, काढू का आता?"

मामांनी नाक वर करून वास घेतला. सगळी रांग वास घेऊ लागली. मामांचा डावा पाय दाराकडे वळला होता. तो त्यांनी परत आणून उजव्याशेजारी ठेवला.

"मला इथून काय विचारतेस," ते म्हणाले. "तिथे तू आहेस."